जर्मनीचा स्टुडंट व्हिसा, महाराष्ट्रातून: कोणत्या सेवेला पैसे मोजावेत आणि कोणत्या नाही

जर्मनीतल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात आले की विद्यार्थ्याला सहा-सात खिडक्यांसमोर उभे राहावे लागते. कागदांचा खरेपणा तपासणारे एपीएस, राहण्याच्या खर्चाचे पैसे ठेवायचे ब्लॉक्ड अकाउंट उघडणारी कंपनी, पैसे पाठवणारी आपली बँक, विमा, जर्मन सरकारचे ऑनलाइन पोर्टल, अर्ज स्वीकारणारे व्हीएफएसचे केंद्र, आणि या सगळ्यांच्या बाहेर "आम्ही सगळं करून देतो" म्हणणारी कन्सल्टन्सी. प्रत्येक खिडकीवर फी आहे. कोणती फी भरून काम पुढे सरकते आणि कोणती उगाच खिशाला चाट लावते, हे नीट पाहता यावे म्हणून ही सगळी साखळी एकच सेवा समजून तिचे हे परीक्षण केले आहे.

आधी मत सांगतो. एक सेवा म्हणून ही साखळी चांगली आहे. नियम उघड आहेत, सरकारी फी ठरलेली आहे, कागदांची यादी आधीच हातात मिळते. घरी कोणी परदेशात गेलेले नसले तरी नीट वाचणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे स्वतः करता येते. दोष एकच, पण मोठा. या खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत. एपीएसकडे एक स्पेलिंग, ब्लॉक्ड अकाउंटवर दुसरे, विम्यावर तिसरे असे झाले तर ते जुळवायची जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थ्यावर पडते. फायली बहुतेक इथेच अडकतात.

एपीएस: १८,००० रुपये

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन स्टुडंट व्हिसासाठी एपीएसचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. दिल्लीतले हे कार्यालय तुमच्या दहावी, बारावी आणि पदवीच्या कागदांचा खरेपणा तपासते. फी १८,००० रुपये. महाग आहे, पण टाळता येत नाही आणि प्रमाणपत्राला मुदत नसल्याने ते एकदाच काढावे लागते. पुढे विद्यापीठ बदलले किंवा वर्ष पुढे ढकलले तरी तेच चालते.

वेळ किती लागेल हे एकट्या एपीएसच्या हातात नसते. पडताळणीसाठी ते आपल्या बोर्डाला आणि विद्यापीठाला विचारतात, आणि तिकडचे उत्तर परीक्षांच्या व निकालांच्या हंगामात रेंगाळते. म्हणून प्रवेशपत्राची वाट पाहत बसू नये. अनेक सरकारी विद्यापीठे अर्जाच्या वेळीच एपीएस मागतात. हिवाळी सत्राच्या अर्जाची अखेर बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला असते, काही ठिकाणी मार्चमध्येच होते. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास एपीएसचा अर्ज गेलेला असावा. शेवटच्या वर्षातल्या मुलांनाही तोवरच्या सेमिस्टरच्या मार्कशीट लावून अर्ज करता येतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या फायलींत काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. दहावी-बारावीची मार्कशीट लावली जाते आणि बोर्डाचे पासिंग सर्टिफिकेट घरीच राहते. दोन्ही लावा. एटीकेटी लागली असेल तर फक्त पास झाल्याची मार्कशीट लावून भागत नाही. नापासाची आणि पुन्हा दिलेल्या परीक्षेची, अशा दोन्ही हव्यात, नाहीतर मध्ये पोकळी दिसते आणि प्रश्न येतो. मार्कशीटच्या मागच्या बाजूला ग्रेडचा तक्ता छापलेला असतो, तो स्कॅन करायचे राहून जाते. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनी डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट लावल्याच पाहिजेत. पदवीचे पहिले वर्ष कुठे गेले, हे जर्मनीत बसलेल्या माणसाला आपोआप कळत नाही. स्वायत्त कॉलेजची गोष्ट वेगळी. तिथे मार्कशीट कॉलेज देते आणि पदवी विद्यापीठ देते. दोन्हीवरची नावे आणि सीट नंबर जुळतात का, हे कुरियर करण्यापूर्वी समोरासमोर ठेवून पाहा.

नावाचा गुंता

याला वेगळी जागा द्यावी इतका तो आपल्याकडे नेहमीचा आहे. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात. 'कुलकर्णी ओंकार विनायक'. पासपोर्टवर तेच 'ओंकार विनायक' गिव्हन नेममध्ये आणि 'कुलकर्णी' सरनेममध्ये. नुसता क्रम उलटा असेल तर सहसा अडत नाही, तपासणाऱ्यांना ते ओळखीचे आहे. अडते ते पुढच्या तीन ठिकाणी. मार्कशीटवर 'विनायकराव' आणि पासपोर्टवर 'विनायक'. पासपोर्टवर सरनेमचा रकाना कोरा आणि तिन्ही नावे गिव्हन नेममध्ये. आणि लग्नानंतर बदललेले नाव पासपोर्टवर, पण पदवीवर माहेरचे.

दुरुस्तीचे मार्गही वेगवेगळे. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र लावतात. नावच बदलले असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र हवे. पासपोर्टचा सरनेमचा रकाना कोरा असेल तर बाकी काहीही करण्यापूर्वी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा. कारण पुढची प्रत्येक खिडकी पासपोर्ट समोर धरून नाव टाइप करणार आहे.

त्यानंतर नियम एकच पाळा. विद्यापीठाचा अर्ज, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, व्हिसाचा फॉर्म, सगळीकडे नाव पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर उतरवायचे. मध्येच पासपोर्ट नवा काढला तर नंबर बदलतो आणि आधीच्या कागदांवर जुना नंबर राहतो. तेव्हा जुना पासपोर्ट फाइलसोबत ठेवा. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नसावा आणि त्यात किमान दोन कोरी पाने असावीत, हेही आत्ताच उघडून पाहा.

ब्लॉक्ड अकाउंट: सगळ्यात मोठी रक्कम, सगळ्यात जास्त गैरसमज

एका वर्षाचा राहण्याचा खर्च तुमच्याकडे आहे, हे दाखवण्याचा हा मार्ग. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिना ९९२. त्याआधी, जानेवारी २०२३ पासून, ती ११,२०८ होती. हा आकडा जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या दराशी बांधलेला आहे, त्यामुळे तो अधूनमधून वाढतो. पैसे भरायच्या दिवशी चालू आकडा तपासा. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सिनियरच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबू नका.

पैसे जर्मन सरकारला जात नाहीत. ते तुमच्याच नावाने राहतात आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो तुमच्या चालू खात्यात येतात. फिन्टिबा, एक्स्पॅट्रिओ, कोराकल ही भारतीय विद्यार्थ्यांत नेहमी ऐकू येणारी नावे. खाते घरबसल्या उघडते. यांच्यात निवड करताना जाहिरातीतली 'मोफत' भेट बघू नका, चार गोष्टी विचारा: खाते उघडायची फी किती, दरमहा फी किती आणि ती ९९२ मधून कापणार की आधीच घेणार, पैसे पोहोचल्यावर पुष्टिपत्र किती दिवसांत येते, आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत द्यायला काय काय कागद मागतात. महिन्याला ५ युरो दिसायला किरकोळ वाटतात, वर्षाचे ६० होतात. तरीही कंपन्यांच्या फीतला फरक बँकेच्या दरातल्या फरकापुढे नगण्य आहे, आणि तिथेच लोक सर्वात कमी लक्ष देतात.

हिशेब करून पाहा. बँकेने युरोला बाजारभावापेक्षा फक्त १ रुपया जास्त लावला, तर या एका व्यवहारात ११,९०४ रुपये गेले. बरीच मुले जवळच्या शाखेत जातात, साहेब सांगतील तो दर घेतात आणि वर "प्रोसेसिंग चार्ज माफ केला" म्हणून खूश होतात. माफ झालेला चार्ज पाचशे-हजाराचा असतो. दोन बँका आणि एक अधिकृत मनी चेंजर यांचा त्याच तासातला लेखी दर घ्या. दर तासातासाला हलतो, त्यामुळे सकाळचा एकाचा आणि संध्याकाळचा दुसऱ्याचा दर तोलून उपयोग नाही.

युरो १०० रुपये धरला तर रक्कम ११,९०,४०० होते. चलनबदलावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. १० लाखांच्या वर गेल्यावर ५,५०० रुपये अधिक वरच्या भागाचे ०.१ टक्के एवढे मूल्य धरतात आणि त्याच्यावर १८ टक्के. या रकमेला तो साधारण १,०२४ रुपये पडतो. कोणी याहून बराच जास्त 'जीएसटी' सांगत असेल तर त्यात बाकीची फी मिसळलेली आहे. फोड मागा.

टीसीएसचे, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या कराचे, गणित नीट समजून घ्यावे. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, वरच्या रकमेवर आहे. त्याच वर्षी त्याच पॅनवर भरलेले फॉरेक्स कार्डही या १० लाखांत मोजले जाते. आयकर कायद्याला मान्य असलेल्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस लागतच नाही. कर्ज नसेल तर काही रक्कम वडिलांच्या आणि काही आईच्या खात्यातून पाठवता येते, कारण मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी आहे. मात्र दोन्ही व्यवहारांत खात्याचा संदर्भ क्रमांक तोच टाका आणि दोन वेगळे पाठवणारे असतील हे कंपनीला आधी कळवा. कापलेला टीसीएस बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याला तो विवरणपत्रात मिळतो. पण विद्यार्थ्याच्या पॅनवर कापला गेला आणि तो मुलगा पुढे विवरणपत्र भरायचेच विसरला, तर पैसे अडकून पडतात.

आता ए२ फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायचा अर्ज. काउंटरवरचा माणूस घाईत असतो, तेव्हा तो स्वतः वाचा. 'पर्पज कोड'च्या चौकटीत शिक्षणासाठीचा एस ०३०५ हवा. "पैसे मुलाच्याच खात्यात चाललेत" असे ऐकून काही शाखांत कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा एस १३०१ टाकतात. बाहेरून फरक दिसत नाही, पण शिक्षणाच्या कारणाला टीसीएसचा दर कमी आहे आणि उदरनिर्वाहाला १० लाखांच्या वर २० टक्के. खाली 'चार्जेस'च्या रकान्यात तीन पर्याय असतात: ओयूआर, एसएचए, बेन. ओयूआर घ्या, म्हणजे वाटेतल्या बँकांचा खर्च तुम्ही इथेच भरता. एसएचए निवडले की मधली एखादी बँक १५-२० युरो कापून घेते, पलीकडे ११,८८४ पोहोचतात आणि पुष्टिपत्र अडते. त्या २० युरोंसाठी पुन्हा सगळा ए२, पुन्हा सगळी फी. म्हणून ओयूआर निवडूनही वर ५०-१०० युरो जास्त पाठवा. जास्तीची रक्कम तुमचीच राहते. शेवटी 'रिमार्क्स'मध्ये कंपनीने दिलेला संदर्भ क्रमांक. तो विसरलात तर पैसे पोहोचतात, पण कोणाचे ते कळायला दिवस जातात.

कर्ज घेणाऱ्यांसाठी एक खास सूचना. आपल्या बँकांना पैसे थेट विद्यापीठाच्या खात्यात भरायची सवय आहे. बहुतेक जर्मन सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातही आता शुल्क आहे, पण असे अपवाद थोडे. त्यामुळे कर्जाचा मुख्य भाग ब्लॉक्ड अकाउंटमध्येच जायचा असतो, आणि तोही व्हिसा मिळण्याआधी. नुसते मंजुरीपत्र दाखवून भागत नाही. मंजुरीपत्रात राहण्याच्या खर्चाचे शीर्षक आणि 'व्हिसापूर्व वितरण' हे शब्द आहेत का, हे सही करण्यापूर्वी पाहा. ते नसतील तर मंजूर झालेले कर्ज हातात असूनही ऐन जुलैत पैसे अडतात.

शिष्यवृत्ती असेल किंवा जर्मनीत राहणाऱ्या कोणी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात रीतसर हमीपत्र दिले असेल, तर ब्लॉक्ड अकाउंटची गरज पडत नाही. हमीपत्र देणाऱ्या नातेवाइकाचे उत्पन्न तिथे तपासतात आणि तो खरोखर कायद्याने बांधला जातो. "काका आहेत तिकडे, देतील सही" इतके ते सोपे नाही.

विमा

दोन वेगळे विमे आहेत. पोहोचल्यापासून विद्यापीठात नाव नोंदवेपर्यंतचा प्रवास विमा, आणि त्यानंतरचा आरोग्य विमा. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याने सरकारी आरोग्य विमा घ्यावा. तो महिन्याला १४० युरोंच्या पुढे जातो आणि ९९२ च्या हिशेबात तो धरावाच लागतो. स्वस्त खासगी विम्याची जाहिरात मोहात पाडते, पण खासगी घेण्यासाठी सरकारी विम्यातून जी सूट घ्यावी लागते ती शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पहिल्या महिन्यात वाचवलेले ऐंशी युरो पुढे दाताच्या किंवा मोठ्या आजाराच्या बिलात निघून जातात. हा निर्णय विमान पकडायच्या गडबडीत घेऊ नये.

पोर्टल आणि व्हीएफएस

२०२५ च्या सुरुवातीपासून जर्मन परराष्ट्र खात्याचे कॉन्सुलर पोर्टल जगभर सुरू झाले. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद तिथेच चढवायचे. ही खरोखर चांगली सुधारणा आहे, कारण काय कमी आहे ते घरीच कळते. बोटांचे ठसे, मूळ कागद आणि फी यांसाठी मात्र प्रत्यक्ष जावेच लागते. व्हिसाची फी ७५ युरो, ती रुपयांत घेतात. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. तुम्ही कॉलेजसाठी बंगळुरूला राहत असाल तर कक्षा राहत्या पत्त्यावरून ठरते, तेव्हा पत्त्याचा पुरावा त्याप्रमाणे हवा.

व्हीएफएस ही टपाल घेणारी खिडकी आहे. व्हिसा द्यायचा की नाही, यात तिचा काहीही हात नाही. ही एक गोष्ट मनात पक्की असली की तिथल्या जोडसेवांचा मोह आपोआप कमी होतो. अपॉइंटमेंटसाठी पैसे लागत नाहीत. "स्लॉट काढून देतो, पाच हजार" म्हणणारा माणूस फुकटची वस्तू विकतो आहे. प्रीमियम लाउंजमध्ये बसायला बरे वाटते, पण निर्णय एक दिवसही लवकर येत नाही. एसएमएसची गरज नाही, ईमेल पुरतो. झेरॉक्स आणि फोटो बाहेरून करून न्या. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर, चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर. स्टुडिओत "जर्मनी बायोमेट्रिक" असे स्पष्ट सांगा, नाहीतर आपला नेहमीचा पासपोर्ट साइज हातात पडतो. पासपोर्ट परत पाठवणारी कुरियर सेवा मात्र नांदेड, रत्नागिरी, अमरावतीकडच्या विद्यार्थ्यांनी खुशाल घ्यावी. दुसऱ्या फेरीचे भाडे आणि बुडालेला दिवस त्याहून महाग पडतो.

काउंटरवर कागद यादीच्या क्रमाने लागतात, स्टेपल न केलेले. काही कमी असेल तर 'कागद अपुरे असूनही अर्ज द्यायचा आहे' अशा आशयाच्या पत्रावर सही मागतात. ती सहज करू नये. त्या सहीने अर्ज आत जातो खरा, पण अपुराच जातो.

अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे उद्देशपत्र, आणि सगळ्यात जास्त नक्कल त्याचीच होते. 'जर्मनी ही अभियांत्रिकीची पंढरी आहे' अशा वाक्याने अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला तीन गोष्टी पाहायच्या असतात. पदवीत शिकलेला विषय आणि हा अभ्यासक्रम यांचा सांधा. मध्ये वर्ष रिकामे गेले असेल तर त्याचे सरळ कारण. आणि शिकून पुढे काय करणार. मेकॅनिकलचा विद्यार्थी डेटा सायन्सला जात असेल तर तिथल्या कोणत्या दोन-तीन विषयांचा आपल्या आधीच्या कोणत्या प्रोजेक्टशी संबंध आहे, ते विषयाच्या नावानिशी लिहावे. दीड-दोन पाने पुरतात. नोकरीचा अनुभव लिहिलात तर तारखा अनुभवपत्राशी आणि बायोडेटाशी जुळल्या पाहिजेत. तीन कागदांवर तीन तारखा असल्या की खऱ्या माणसावरही शंका येते.

निर्णयाला सहा ते बारा आठवडे धरून चाला. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, म्हणून जुलै संपण्यापूर्वी अर्ज आत गेलेला बरा.

कन्सल्टन्सी

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर किंवा जंगली महाराज रस्त्यावर चालत गेले तरी दहा-बारा पाट्या दिसतात. सगळ्या वाईट नाहीत. पण त्यांचा व्यवसाय कसा चालतो, हे आत जाण्यापूर्वी माहीत हवे. जर्मन सरकारी विद्यापीठे एजंटाला कमिशन देत नाहीत. अनेक खासगी संस्था देतात. त्यामुळे फुकट समुपदेशनाच्या शेवटी वर्षाला दहा-बारा हजार युरो शुल्काची खासगी संस्था सुचवली जाते, तेव्हा सरळ विचारावे: "या संस्थेकडून तुम्हाला कमिशन मिळतं का?" खासगी संस्था वाईटच असते असे नाही. ती सरकारमान्य आहे का, आणि शिक्षण पूर्णवेळ, प्रत्यक्ष वर्गात आहे का, एवढे पाहा. स्टुडंट व्हिसा जर्मन निवास कायद्याच्या कलम १६बी खाली मिळतो आणि त्याला असे शिक्षण अपेक्षित आहे. मुख्यतः ऑनलाइन चालणाऱ्या अभ्यासक्रमावर लाखो रुपये भरून नंतर निवास परवान्याला अडचण येणे हा सगळ्यात महाग धडा ठरतो.

"हमखास व्हिसा" असे लिहून देणारा खोटे बोलतो, कारण ते कोणाच्याच हातात नाही. पोर्टल, एपीएस आणि ब्लॉक्ड अकाउंटला ईमेल व मोबाइल नंबर तुमचाच द्या. एजंटाचा दिलात तर तुटीची सूचना त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला कळेपर्यंत मुदत उलटलेली असते. फॉर्मवर सही तुमची आहे, त्यामुळे त्यातल्या खोट्याची जबाबदारीही तुमचीच. बनावट अनुभवपत्र लावायचा सल्ला देणाऱ्याच्या दारातून तिथल्या तिथे बाहेर पडा.

पैसे द्यायचेच असतील तर पूर्ण पॅकेजला देऊ नका. तयार फाइल तासाभर बसून तपासून देणाऱ्या अनुभवी माणसाला द्या. बाकी शंकांसाठी डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची माहिती-सत्रे मोफत असतात, आणि विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय ईमेलला उत्तर देते. वाचलेले पैसे जर्मन भाषेवर घालवा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी पुण्यात किंवा मुंबईत मॅक्स म्युलर भवनात ए१-ए२ पर्यंत शिकून गेलेल्याला घर शोधताना आणि अर्धवेळ काम मिळवताना त्याचा रोज उपयोग होतो. कामाची मर्यादा मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस आहे.

नकार आला तर

पूर्वी नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचाराची लेखी मागणी करता येत होती. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत अजून तोच उपाय सांगितलेला आढळतो, त्यावर वेळ घालवू नका. आता दोनच वाटा आहेत: त्रुटी दूर करून नवा अर्ज, किंवा महिन्याभरात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. विद्यार्थ्यासाठी बहुधा नवा अर्जच परवडतो. नकारपत्रातले कारण शब्दशः वाचा आणि त्याच मुद्द्याचा कागद बदला. तीच फाइल पुन्हा दिली तर तेच उत्तर येते. विद्यापीठाला लगेच कळवून प्रवेश पुढच्या सत्रात नेता येतो का, ते विचारा. ब्लॉक्ड अकाउंट लगेच बंद करू नका. पुन्हा अर्ज करणार असाल तर तेच चालेल.

पासपोर्ट हातात आल्यावर

लिफाफा उघडून पहिल्यांदा स्टिकर वाचा. प्रकार 'डी' आहे का, नाव आणि पासपोर्ट नंबर अचूक आहे का, सुरुवातीची तारीख तुमच्या तिकिटाच्या आधीची आहे का, शेऱ्यात १६बी आहे का. चूक असेल तर इथेच दुरुस्त होते, फ्रँकफर्टच्या विमानतळावर नाही. मूळ कागद हातातल्या बॅगेत.

तिकडे पोहोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. म्हणून "राहायला मिळेल, पण नोंदणी करता येणार नाही" अशी खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. पत्त्याची नोंद झाली की स्थानिक चालू खाते मार्गी लागते, त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंट सक्रिय होते आणि पहिले ९९२ युरो येतात. या सगळ्यात तीन-चार आठवडे सहज जातात. याच काळात घरमालक अनामत मागतो, आणि ती कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असू शकते. तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये बारा लाख असले तरी निघताना फॉरेक्स कार्डावर वेगळे दीड ते दोन हजार युरो असू द्या, आणि त्यातले दोनशे सुट्या नोटांत.